व्यवसायाची कल्पना पारखायला मुलांना कसे शिकवावे? बारा ते पंधरा वयोगटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आनंद मेळावा, बालबाजार किंवा दिवाळीपूर्वीचे विक्री-प्रदर्शन अशा निमित्तांनी आपल्याकडची बहुतेक मुले आठवीपर्यंत एकदा तरी काही ना काही विकून पाहतात. दुकान मांडण्याची धांदल, गिऱ्हाईक बोलावण्याची मजा आणि संध्याकाळी डब्यात साठलेली चिल्लर त्यांच्या लक्षात राहते. मात्र ती कल्पना मुळात चांगली होती का, आणि ते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला जातो. शिक्षक, पालक आणि मुलांसोबत काम करणारे कार्यकर्ते यांच्या मनात त्याबाबत ज्या शंका येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे शिकवायला कोणते वय योग्य?

साधारणपणे सातवी ते नववी हा काळ सर्वांत चांगला. त्याआधी मुलांना वस्तू विकण्याचा आनंद घेता येतो, पण विकल्या न गेलेल्या मालाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हे त्यांच्या सहज ध्यानात येत नाही. बालभारतीच्या गणितात सहावीला नफा-तोटा, सातवीला बँक व सरळव्याज आणि आठवीला सूट व कमिशन हे घटक येतात, त्यामुळे या कामाला लागणारे सारे गणित मुलांच्या हाताशी असते. उणीव असते ती एवढीच की पाठ्यपुस्तकातील उदाहरणात खरेदीची किंमत छापलेली असते, तर बाहेरच्या जगात ती शोधून काढावी लागते. मुलांना शिकवायची आहे ती ही शोधाशोध.

मुलांना लहानपणापासून उद्योजक बनवणे हा यामागचा हेतू आहे का?

नाही, आणि हे आरंभीच स्पष्ट असलेले बरे. वर्गातील चाळीस मुलांपैकी पुढे व्यवसाय करणारी थोडीच निघतील. परंतु नोकरी स्वीकारताना, कर्ज काढताना, नातेवाइकाने सुचवलेल्या योजनेत पैसे गुंतवताना किंवा शेतात नवे पीक घेताना एखादी कल्पना तपासून पाहण्याची वेळ प्रत्येकावर येणार आहे. महिन्याला दहा टक्के परतावा देतो असे सांगणाऱ्या योजनेत गावेच्या गावे फसतात, तेव्हा ‘हा पैसा नेमका कोठून येणार?’ हा एक साधा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तेराव्या वर्षी भेळेच्या दुकानाबाबत तो प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर तिसाव्या वर्षी तो आपसूक ओठांवर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणूनच, माझ्या मते, ‘ही कल्पना चालणार नाही, कारण अमुक’ असे पुराव्यानिशी सांगू शकणारे मूल हे मेळाव्यात सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या मुलापेक्षा तसूभरही कमी शिकलेले नसते.

सुरुवात मुलांच्या स्वतःच्या कल्पनांपासून करावी का?

शक्यतो करू नये. स्वतःची कल्पना मुलाला प्रिय असते आणि तिच्यावरचा प्रत्येक प्रश्न त्याला स्वतःवरचा आक्षेप वाटतो. त्यापेक्षा आधी दुसऱ्याचा चालू असलेला व्यवसाय पाहावा. पिठाची गिरणी, इस्त्रीचे दुकान, झेरॉक्सचे दुकान, उन्हाळ्यातील रसवंती हे व्यवसाय यासाठी उत्तम, कारण तेथे काम डोळ्यांसमोर चालते आणि मालक थोडा वेळ काढून बोलू शकतो.

पिठाच्या गिरणीचेच उदाहरण घेऊ. मुलांनी तेथे तासभर उभे राहून किती डबे आले, त्यांत गहू किती, ज्वारी-बाजरी किती, भाजणी किती याची नोंद करावी. ज्वारी दळल्यावर गहू दळायचा असेल तर मालक काय करतो, लोक डबा ठेवून जातात की थांबतात, कोणते दिवस गर्दीचे असतात, हे पाहावे. नंतर मालकाला विचारावे की विजेचे बिल साधारण किती येते, जात्याच्या दगडांना टाकी किती दिवसांनी लावावी लागते (म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडाव्या लागतात), जागा स्वतःची आहे की भाड्याची, आणि तयार पिठाच्या पिशव्या दुकानात मिळू लागल्यापासून काय बदलले. या शेवटच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा सर्वांत लांब असते आणि मुलेही ते सर्वांत मन लावून ऐकतात. सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मांडलेली आहे; त्या दिवसांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

जाण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि कमाई किती होते हा प्रश्न थेट विचारू नये, हे मुलांना बजावून ठेवावे. कमाईचा अंदाज नोंदींवरून बांधता येतो, आणि तो बांधणे हाच तर खरा अभ्यास आहे.

एखादी कल्पना पारखताना मुलांनी कोणते प्रश्न विचारावेत?

तक्ते आणि चौकटी पुष्कळ मिळतात, पण या वयात थोडेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेले अधिक उपयोगी पडतात. ही अडचण नेमकी कोणाची आहे? ती व्यक्ती आज तिच्यावर काय उपाय करते आणि त्यासाठी किती पैसे किंवा वेळ घालवते? आपला उपाय तिला का पटावा? तो एकदा पुरवायला आपल्याला एकूण किती खर्च येतो? आणि माल उरला, पाऊस आला किंवा गटातील एक जण आजारी पडला तर काय होईल?

यांपैकी पहिल्या प्रश्नावर मुले सर्वांत लवकर घसरतात. ‘आमची वस्तू सर्वांसाठी आहे’ हे उत्तर हटकून येते. तेव्हा त्यांना एका खऱ्या माणसाचे वर्णन करायला लावावे. समजा कल्पना दप्तर दुरुस्त करून देण्याची आहे. तर जूनमध्ये घेतलेल्या ज्या मुलीच्या दप्तराची चेन ऑगस्टमध्येच तुटली, जिचे पालक नवे दप्तर पुढच्या वर्षीच घेऊन देणार आहेत आणि जी सध्या सेफ्टी पिन लावून काम भागवते, ती आपली गिऱ्हाईक. अशा मुली आपल्या शाळेत किती आहेत, हे मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून फिरून मोजता येते. मोजता येईल इतके नेमके उत्तर मिळाले की पहिला प्रश्न सुटला असे समजावे.

मुले ओळखीच्या लोकांना विचारतात आणि सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. मग खरी मागणी कशी कळणार?

आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू मुलाचे मन मोडणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या कौतुकाचा येथे उपयोग नाही. मुलांना प्रश्न बदलायला शिकवावे. ‘तुम्ही आमच्याकडून कापडी पिशवी घ्याल का?’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात तुम्ही पिशवी विकत घेतली का, कोठून, कितीला, आणि घरात आधीच्या किती पडून आहेत?’ असे विचारावे. माणसे पुढच्या वागण्याबद्दल भरभरून आश्वासने देतात, मागच्या वागण्याबद्दल मात्र बहुधा खरे सांगतात. ज्या घरात आधीच पंधरा कापडी पिशव्या कपाटात कोंबलेल्या आहेत, त्या घरातून आलेल्या ‘हो, नक्की घेऊ’ या उत्तराला किती वजन द्यायचे, हे मग मुले स्वतःच ठरवतात.

दुसरी कसोटी आगाऊ मागणीची. आकाशकंदिलाचा एक नमुना करून दाखवावा आणि मागणी नोंदवणाऱ्याकडून वीस रुपये इसार घ्यावा. ‘छान आहे’ म्हणणारे तीस आणि वीस रुपये काढून देणारे सात, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले की वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. कंदील तयार झाला नाही तर इसार परत करायचा, हे मात्र आधीच ठरलेले आणि लिहिलेले असावे.

खर्चाचा हिशेब शिकवण्याची सोपी रीत कोणती?

आनंद मेळाव्यातील भेळ घ्यावी. ती प्रत्येक शाळेत असते. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपापल्या गावच्या भावांनी ते बदलून घ्यावेत. चार मुलांच्या गटाने साठ प्लेट भेळेची तयारी केली आणि प्लेट वीस रुपयांना विकली. सर्व भेळ संपली, गल्ला १,२०० रुपये झाला. चुरमुरे, फरसाण व शेव ४२० रुपये, कांदा, टोमॅटो, कैरी व कोथिंबीर १३० रुपये, चिंच-गुळाच्या चटणीचे साहित्य ९० रुपये, कागदी द्रोण व चमचे ८० रुपये, असा ७२० रुपये खर्च मुलांनी लिहिलेला असतो. ‘आम्हाला ४८० रुपये नफा झाला,’ असे ती आनंदाने सांगतात आणि बहुतेक मेळाव्यांत हिशेब येथेच थांबतो.

येथून पुढे जायचे आहे. सामान आणायला रिक्षा केली होती, तिचे ६० रुपये बाबांनी दिले. शाळेने टेबलाचे ५० रुपये घेतले. चटणी उकळायला गॅस लागला, त्याचे २० रुपये धरू. म्हणजे आणखी १३० रुपये गेले आणि ३५० उरले. आता चटणी कोणी केली, कांदा कोणी चिरला? आईने, तीन तास. तिच्या तासाला ६० रुपये धरले तर १८० रुपये होतात आणि शिल्लक १७० रुपयांवर येते. चौघांनी प्रत्येकी चार तास काम केले, म्हणजे एकूण सोळा तास. १७० भागिले सोळा केले की प्रत्येकाची कमाई ताशी साधारण साडेदहा रुपये निघते.

आता याच हिशेबात एकच गोष्ट बदलावी. साठांपैकी बारा प्लेट उरल्या आणि कालवलेली भेळ मऊ पडल्याने टाकून द्यावी लागली. गल्ला ९६० रुपये, खर्च मात्र तेवढाच, १,०३० रुपये. त्याच दुकानात ७० रुपये तोटा झाला. मुलांना विचारावे की निदान किती प्लेट विकल्या गेल्या असत्या तर तोटा झाला नसता. १,०३० ला वीसने भागून ती बावन्न हे उत्तर काढतात आणि पाठोपाठ कोणी तरी हमखास सुचवते की सगळी भेळ आधी कालवून ठेवायचीच कशाला. प्रत्येक भेळवाला गिऱ्हाईक समोर आल्यावरच भेळ का कालवतो, याचा उलगडा तेथे होतो, आणि तो मुलांनी स्वतः केलेला असतो.

आईच्या कामाचे पैसे धरणे मुलांना आणि पालकांनाही विचित्र वाटते. ते खरोखर आवश्यक आहे का?

माझ्या दृष्टीने या साऱ्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे आणि ती गाळू नये असे मी कळकळीने सांगेन. आईला खरोखर पैसे द्यायचे की नाही, हा त्या घराचा प्रश्न आहे. पण हिशेबात ते लिहिले नाहीत तर आकडा खोटा ठरतो. जो धंदा घरातील कोणाच्या तरी फुकट कष्टांवर उभा असतो, तो चालतोय असे भासते, आणि ती व्यक्ती थकली किंवा आजारी पडली की त्याच दिवशी बंद पडतो. आपल्याकडच्या कितीतरी खानावळी, किराणा दुकाने आणि शेतीचे हिशेब याच कारणाने वर्षानुवर्षे नफ्यात दिसत आले आहेत.

याउलट एक उदाहरण मुलांना जरूर सांगावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे तोच लिज्जत पापडाचा उद्योग झाला. तेथे भगिनी सकाळी भिजवलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून व वाळवून आणून देतात आणि त्याची मजुरी घेतात. म्हणजे ज्या कामाला एरवी ‘घरचेच तर आहे’ म्हटले जाते, त्याची किंमत या उद्योगाने पहिल्यापासून खर्चात धरली आणि तरीही तो टिकला, वाढला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मुलांशी बोलावे. चर्चा छान रंगते.

गटात काम वाटले जाते तेव्हाही लक्ष असू द्यावे. चिरणे, धुणे, मांडणे मुलींकडे आणि पैसे घेणे, भाव सांगणे मुलांकडे, ही विभागणी कोणी न ठरवताच होऊन जाते. अर्ध्या वेळाने कामे बदलायची, असा नियमच करावा.

एकदाच होणारा खर्च आणि प्रत्येक वस्तूमागे होणारा खर्च यांतील फरक या वयात कळतो का?

सहज कळतो, फक्त वस्तू हातात असली पाहिजे. आकाशकंदिलाचे पाहू. कात्र्या, स्टेपलर, रंग आणि वाया गेलेले दोन नमुने मिळून ७८० रुपये एकदाच गेले. त्यानंतर प्रत्येक कंदिलाला कागद, काड्या, दोरा व वायर-होल्डर मिळून ५५ रुपये लागतात आणि तो १२० रुपयांना विकला जातो. प्रत्येक कंदिलामागे ६५ रुपये हाती राहतात. ७८० ला ६५ ने भागले की बारा येतात. बाराव्या कंदिलापर्यंत आपण फक्त गुंतवलेले पैसे परत मिळवत असतो, तेराव्यापासून काही उरू लागते. स्वतःच्या तासांची मजुरीही त्या तेराव्यापासूनच निघायला लागते.

मग विचारावे की लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या कंदिलाची किंमत किती. हंगामी वस्तूंचा धोका समजावून सांगायला राख्या, पणत्या, पतंग आणि कंदील यांच्याइतके चांगले साधन दुसरे नाही.

‘आमच्यासारखे दुसरे कोणीच नाही’ या दाव्याचे काय करावे?

तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो, कारण स्पर्धा केवळ तशाच दुकानाशी नसते. घरपोच पुस्तके देणाऱ्या मुलांची स्पर्धा वाचनालयाशी, मैत्रिणीकडून पुस्तक मागून आणण्याशी, मोबाइलशी आणि मुळात न वाचण्याशी असते. गिऱ्हाईक आपल्याकडे आले नाही तर ते काय करील, एवढाच प्रश्न विचारावा. आणि खरोखरच कोणी नसेल, तर आधी कोणी हे करून पाहून बंद केले आहे का, याची गावातील जुन्या माणसांकडे चौकशी करावी.

बहुतेक मुलांची कल्पना म्हणजे एखादे अ‍ॅप असते. तेथे विश्लेषण कसे करायचे?

अ‍ॅपला नकार देऊ नये, पण त्याआधी तेच काम एक आठवडा वही आणि फोनवर करून दाखवायला सांगावे. जुनी पाठ्यपुस्तके देणारे आणि घेणारे यांना जोडणारे अ‍ॅप हवे असेल, तर आधी दहा जोड्या हाताने जुळवाव्यात. पुस्तकाची स्थिती कोण तपासणार, ते पोहोचवणार कोण, पाने फाटलेली निघाली तर तक्रार कोणाकडे, हे सारे तेथेच कळते आणि त्यांपैकी एकही अडचण अ‍ॅप सोडवत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा अभ्यास येथे फार उपयोगी पडतो. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा शंभराहून अधिक वर्षे डब्याच्या झाकणावरील खुणा, लोकलचे वेळापत्रक आणि ठरलेल्या जागी डब्यांची अदलाबदल यांवर चालली. मुलांनी डब्यावरच्या खुणेतून कोणती माहिती कळायला हवी याचा स्वतः विचार करावा: डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. त्यानंतर दुसरी बाजूही तपासावी. ही सेवा लोकलवर आणि कार्यालयात जाणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही थांबले आणि डबेही थांबले. ज्या गोष्टीवर व्यवसाय उभा आहे, ती उद्या नसली तर काय, हा प्रश्न मुलांना यातून नीट उमगतो.

प्रसिद्ध उद्योगांच्या यशोगाथा सांगाव्यात का?

सांगाव्यात, पण शेवट आधी सांगू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीला नांगर विकत घ्यायला कोणी धजेना. येथे थांबून मुलांना विचारावे की तुम्ही असता तर काय केले असते. भाव उतरवला असता, फुकट वापरायला दिला असता, की कल्पनाच सोडून दिली असती? वस्तू उत्तम असणे आणि ती लोकांना पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चर्चेतून पुढे येते.

न चाललेल्या उद्योगाचे एक तरी उदाहरण सोबत असलेच पाहिजे. टाटांची नॅनो मोटार जानेवारी २००८ मध्ये एक लाख रुपयांची गाडी म्हणून जगापुढे आली. सुरुवातीला दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. गुजरातमधील साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, प्रत्यक्षात कोणत्याही वर्षी त्याच्या निम्म्याही गाड्या खपल्या नाहीत आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले. आधी ठरलेल्या पश्चिम बंगालमधील सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच अंगलट आली. पहिली गाडी दारात उभी करणाऱ्या कुटुंबाला ती मिरवायचीही असते. यांतील कोणते कारण किती मोठे, यावर मुलांचे एकमत होत नाही आणि ते होण्याची गरजही नाही. प्रत्येकाने आपले कारण आणि त्याचा आधार मांडावा.

ग्रामीण भागातील मुलांना हे विषय दूरचे वाटतात का?

उलट त्यांना शहरातील मुलांपेक्षा जास्त माहिती असते. ती व्यवसायाची माहिती आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच. टोमॅटोचा भाव एका महिन्यात कसा कोसळतो हे त्यांनी घरात पाहिलेले असते. बाजार समितीतून आलेली पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, वर्गात आणायला सांगावी. तिच्यावर क्रेटची संख्या, वजन, मिळालेला भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे हे सारे लिहिलेले असते. त्यावरून किलोमागे हाती काय पडले ते काढावे. मग त्यात रोपे, औषधे, मल्चिंगचा कागद, बांबू-सुतळी, तोडणीची मजुरी आणि घरच्या माणसांचे दिवस मिळवत जावे. त्यानंतर ‘सुकवलेले टोमॅटो विकावेत का?’, ‘तालुक्याच्या ठिकाणी थेट घरोघर पोहोचवावेत का?’ अशा कल्पना तपासायला घेतल्या की मुले नुसते बोलत नाहीत, आकडे घेऊन भांडतात. पट्टीवरील शेतकऱ्याचे नाव झाकून घ्यावे. कोणाच्या घरची परिस्थिती वर्गात उघडी पडू नये.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक ग्रामीण शाळांतून रुजली. तेथे मुले वस्तू बनवतात, गावाला सेवा देतात आणि केलेल्या कामाचा खर्चही मांडतात. ज्या शाळेला या दिशेने जायचे आहे, तिने ते काम एकदा पाहून यावे.

कायद्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

अठरा वर्षांखालील व्यक्ती १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करण्यास पात्र नसते, त्यामुळे भाडे, उधारी किंवा मोठ्या मागणीचा व्यवहार पालकांच्या नावानेच व्हावा. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे; शाळेच्या वेळेबाहेर स्वतःच्या कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात मदत करण्याची सवलत मात्र कायद्यात आहे. शाळेच्या उपक्रमात मुलांचे काम हे शिक्षणाचा भाग राहील आणि त्यातून दुसऱ्या कोणाची कमाई होणार नाही, हे पाहणे मोठ्यांचे कर्तव्य आहे. खाद्यपदार्थ नियमितपणे विकायचे झाल्यास लहान विक्रेत्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. रकमेच्या मर्यादा प्रत्येक बँक ठरवते.

कल्पना स्पष्टपणे कच्ची असेल तर मुलाचा हिरमोड न करता ते कसे सांगावे?

मोठ्यांनी सांगूच नये. मुलाला शोधू द्यावे. ‘हे चालणार नाही’ या वाक्याने विचार थांबतो आणि ‘वा, फारच छान’ या वाक्यानेही थांबतो. त्याऐवजी कल्पनेतील सर्वांत नाजूक गृहीतक कोणते हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे आणि ते तपासायला दोन दिवसांत करता येईल असे काय आहे, ते ठरवावे. सोसायटीतील गाड्या धुण्याची कल्पना असेल, तर सकाळी साडेसहाला खाली उतरून किती गाड्या आधीच कोणी धुतो ते मोजून ये, एवढे सांगणे पुरेसे आहे.

आपलीच कल्पना नाकारून परत आलेल्या मुलाचे मन लावून कौतुक करावे. वर्गात सर्वांसमोर त्याने नकाराची कारणे मांडावीत आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत. हे एकदा झाले की बाकीची मुलेही आपल्या कल्पनेतील दोष लपवायचे सोडून देतात.

मूल्यमापन कसे करावे? सर्वाधिक नफा मिळवणाऱ्या गटाला बक्षीस द्यावे का?

देऊ नये. नफ्याला बक्षीस ठेवले की खर्च लपवला जातो आणि पालक स्वतःच दहा प्लेट विकत घेऊन गल्ला वाढवतात. गुण द्यायचेच असतील तर मेळाव्याआधी लिहून ठेवलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे यांतील फरक गटाने कसा समजावून सांगितला, त्याला द्यावेत. साठ प्लेटचा अंदाज होता आणि चाळीसच गेल्या, कारण शेजारच्या टेबलावर पाणीपुरी होती आणि आमची जागा उन्हात होती, असे नेमके सांगणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळायला हवेत.

पैसे मिळतात पण लोकांचे नुकसान होते, अशा कल्पनांचे काय?

त्या टाळू नयेत, चर्चेला घ्याव्यात. शाळेजवळ रंगीत बर्फाचे गोळे, कमी दर्जाच्या तेलातील पदार्थ, गृहपाठ लिहून देण्याची सेवा, हे सारे मुलांना सुचते आणि हिशेबात ते फायद्याचेही दिसते. यात ज्याचे नुकसान होते, त्या माणसाला हिशेबाच्या कागदावर जागा द्यावी आणि त्याच्या बाजूने बोलायला गटातील एकाला नेमावे.

मुलाला खरोखरच व्यवसाय सुरू करायचा असेल तर पालकांनी काय करावे?

तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: जास्तीत जास्त किती पैसे बुडाले तरी चालतील, आठवड्यातील कोणते तास यासाठी असतील आणि कोणत्या तारखेला बसून पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवायचे. भांडवल भेट म्हणून न देता उसने द्यावे, परतफेडीची नोंद मुलाने ठेवावी. परीक्षेच्या महिन्यात काम बंद राहील हेही आधीच ठरावे. पालकांनी गिऱ्हाईक व्हावे, पण बाजारभावाने आणि खरोखर गरज असेल तरच. आणि वस्तू सदोष निघाली तर दुकानदाराकडे जशी परत केली असती, तशीच मुलाकडेही परत करावी. ठरलेली तारीख आली की वही उघडून दोघांनी शेजारी बसावे, आणि बेरीज मुलाला करू द्यावी.